माशीनं मरायचा खेळ

यंदा गुऱ्हाळ उशिरा पेटलं. परवा सकाळी चुलवाणात वाळलेलं चिपाड घातलं, काहिलीत पहिला रस पडला, आणि दुपारच्या आत मधमाश्या आल्या. आदल्या दिवशी शेतात एक माशी दिसत नव्हती. त्यांना कोण सांगतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. कळंब्याच्या बाजूची झाडं गेली, तिथं बंगले उठले, गुऱ्हाळंही एकेक करून बंद पडली. माश्या मात्र येतातच. चरकाखाली बसतात, रसाच्या टाकीच्या काठावर बसतात, माणसाच्या बाहीवर बसतात. कितीतरी रसात पडून मरतात. वर आलेल्या मळीबरोबर गूळ शिजवणारा गुळव्या त्यांना झाऱ्यानं काढून टाकतो.

मी खुर्ची टाकून बसते. आता माझ्याकडून काम होत नाही आणि मला कुणी काम सांगतही नाही. गुऱ्हाळ नातू चालवतो.

रसाला उकळी यायला लागली की आधी हिरवा वास येतो, ओल्या गवतासारखा. मग तो भाजका होत जातो. गावातली माणसं मुद्दाम गाड्या थांबवून आत येतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, आहाहा. मला तो वास सोसत नाही. गूळवाल्याच्या घरची बाई असं कसं सांगणार? म्हणून सांगितलं नाही. मी गूळ खात नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी बंद केलाय, असं त्यांना वाटतं. डॉक्टरांनी साखर बंद केली, ती दहा वर्षांपूर्वी. गूळ त्याच्या कितीतरी आधी सुटला.

ज्या साली पेठेत व्हिडिओ आला, त्या सालापासून.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. आमचं घर शिवाजी पेठेत आणि शेत कळंब्याच्या वाटेला. घरात मालक, मी, आमची दोन लहान मुलं आणि मालकांची धाकटी बहीण सुमन. सासूबाई गेल्या तेव्हा सुमन सात वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या, तिला मारलंही मीच. त्या साली तिला सतरावं लागलं होतं. दहावीला गणितात गेली होती, पुन्हा बसणार होती. अंगानं काटकुळी, आवाज मात्र असा की गल्लीच्या या टोकाला बोलली की त्या टोकाच्या माणसानं उत्तर द्यावं.

तालमीच्या पोरांनी भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणला. माडीवर टेबल मांडलं, खिडक्यांना घोंगडी लावली. पहिल्या दिवशी टीव्हीला हार घातला आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी तारांवर उडालं म्हणून व्हिडिओवाला ओरडला. संध्याकाळी गडीमाणसं बघायची, दुपारी बायका आणि पोरं. लग्नसराई होती, त्यामुळे हिंदी कॅसेटी सगळ्या मांडवांत गेल्या होत्या. व्हिडिओवाल्याच्या पेटीत उरलेल्या तेवढ्या आमच्या वाट्याला आल्या. इंग्रजी. सगळ्या किड्यामुंग्यांच्या. पंधरा दिवसांत आम्ही चार पाहिल्या. एकीत मुंग्या माणसं मारत होत्या, एकीत झुरळं, आणि उरलेल्या दोन्हींत मधमाश्या.

असलं काही आम्ही पाहिलंच नव्हतं. गोरी माणसं, मोठ्या मोटारी, पिवळ्या केसांच्या बाया, आणि सगळे पळतायत कशापासून, तर माशीपासून. गोष्ट दर वेळी तीच. आधी एक म्हातारा किंवा कुत्रं मरतं. मग एक डॉक्टर येतो, भिंगातून बघतो आणि सांगतो, ह्या साध्या माश्या नव्हेत. गावचा मोठा माणूस म्हणतो, जा, काहीतरीच. मग जत्रा असते किंवा लग्न असतं, आणि माश्या तिथं येतात.

मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. माझी शाळा चौथीत सुटली. माडीवर बसलेल्या तीस बायकांत दहावीपर्यंत गेलेली एकटी सुमन. म्हणून ती टीव्हीच्या शेजारी उभी राहायची आणि सगळ्यांना सांगायची. तिलाही काही कळत नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी समजलं. डॉक्टर एवढंसं बोलायचा आणि ही लांबलचक सांगायची.

"डॉक्टर म्हणतोय, मी तुला लगीन झाल्यापास्नं सांगालोय, त्या पोळ्याला हात लावू नको, लावू नको. ऐकतीयास व्हय कधी?"

"आन ती काय म्हणती?" शेजारची हौसाबाई विचारायची.

"ती म्हणती, तुमच्या आईनंच सांगितलतं मध काढ म्हणून."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. हौसाबाई डोळे पुसत म्हणायची, "म्हंजे तिकडंबी सासूच की गं!"

दर दहा मिनिटांनी पडदा काळा व्हायचा. आम्हाला वाटायचं, संपलं. बायका पदर सावरून उठायच्या, पोरं चपला शोधायची, तेवढ्यात चित्र परत यायचं आणि मागच्या पुढच्यांना "बसा की खाली" म्हणून ओरडायच्या. शेवटी मी व्हिडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, ह्ये थेट्रातलं न्हाय. तिकडं टीव्हीसाठी काढत्यात, स्वस्तातलं. मधी मधी जाहिराती असत्यात, तेवढी जागा मोकळी सोडल्याली असती."

स्वस्तातलं होतं हे दिसतच होतं. आभाळात माश्यांचा थवा म्हणून जे दाखवायचे, ते पाण्यावर चहाची पूड हलवल्यासारखं दिसायचं. एकच माशी काचेवर येऊन आपटायची, आणि थोड्या वेळानं तीच पुन्हा. सुमन ओरडायची, "ए, ही मघाशी मेलती की!" मेलेल्या माणसाच्या तोंडावर माश्या चिकटवलेल्या असायच्या, त्यातली एक हमखास गळून पडायची. मुंग्यांच्या पिक्चरमध्ये एका बाईच्या हातावर मुंग्या सोडल्या होत्या. बाई किंचाळत होती आणि मुंग्या आपल्या वाटेनं चालल्या होत्या. त्या मारेकरी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मी हसले नाही. मला रागच यायचा. मी लग्न होऊन आले त्या सालापासून गुऱ्हाळात माश्यांत उभी होते. दिवसाला दोन-चार तरी चावायच्या. चावली की कोयत्याचं पातं त्या जागी घासायचं, हाताशी चुना असला तर लावायचा, आणि काम पुढं. गुळव्या तर उघड्या अंगानं काहिलीपाशी उभा असायचा. त्याच्या पाठीवर माश्या फिरत असायच्या आणि तो त्यांना हाकलायचाही नाही. अशा माणसांसमोर हे पिक्चरवाले सांगणार, माशीनं माणूस मरतो!

घरी येताना मी तसं बोलले. "माशीनं कोण मरतंय व्हय? काम न्हाय त्यास्नी."

सुमन मागं राहिली होती. ती जवळ आली. इतका वेळ माडी डोक्यावर घेतलेली पोरगी, तिचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, गेल्या साली मला चावलती तवा असंच झालतं. त्या बाईला झालं न्हवं का, श्वास वर वर? तसं."

"गेल्या साली तोंड सुजलतं तुझं. दुसऱ्या दिवशी उतरलं."

"तोंड सुजलं त्ये तुमाला दिसलं. छातीत झालतं त्ये मी कुणाला सांगितलंच न्हाय."

"आन आता पिक्चर बघून आठवलं व्हय?"

तालमीपासून आमच्या दारापर्यंत चार मिनिटांची वाट. दाराशी आल्यावर म्हणाली, "मी ह्या साली गुऱ्हाळाला येत न्हाय. घरात सैपाक करते, धुणं करते, सांगाल त्ये करते. तिथं नको."

मी काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणाले, "पुस्तक उघडून बसायला मिळतंय म्हणून ही नाटकं. गणितात नापास झालीस, आता माशीला भ्यायला लागलीस. उद्या सकाळी जेवण बांधून पुढं हो."

आणि सकाळी ती गेली. ती कधी उलटून बोलली नाही मला. गल्लीशी भांडायची, भावाशी भांडायची, माझ्याशी नाही.

आता इतक्या वर्षांनी मी त्या जागी स्वतःला ठेवून बघते, सासू नसलेल्या घरातली, सगळं अंगावर पडलेली, अठ्ठावीस वर्षांची बाई. माणसं कमी पडत होती. ऊस तोडून पडला होता, दोन दिवस वाळला तर रस उतरत नाही. हे सगळं खरं होतं. त्यानं काही सुटत नाही.

गुऱ्हाळात कामकऱ्यांची पाच-सहा पोरं असायची, आमची दोन, आणि गुळव्या राऊची शालन. शालन सहा वर्षांची, कायम सुमनच्या परकराला धरून. या पोरांतल्या काहींनी पिक्चर पाहिले होते, काहींनी नव्हते. ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना सुमन करून दाखवायची. आधण, म्हणजे काहिलीभर रस, चुलवाणावर चढलं की ते गूळ व्हायला तीन तास तरी लागतात. त्यातला मधला वेळ थोडा मोकळा असतो. तेव्हा चिपाडाच्या ढिगाशी यांचा खेळ चालायचा. दोघं-तिघं माश्या व्हायची, हात पसरून गुंगुं करत यायची. एक जण डॉक्टर. गावचा मोठा माणूस म्हणजे आमचा थोरला, पोटावर पोतं बांधून. बाकीची मरायची.

सुमन सगळ्यांत चांगली मरायची. मानेला हात लावायची, डोळे मोठे करायची, दोन पावलं भेलकांडायची आणि चिपाडाच्या ढिगात धाडकन पडायची. पडल्यावर एक पाय दोनदा झाडायचा आणि मग एकदम निपचित. पोरं टाळ्या पिटून ओरडायची, "सुमनआक्का मेली! सुमनआक्का मेली!" ते बघायला चरकावरचे गडी थांबायचे. राऊ झारा हातात धरून हसायचा. "सुमाताई, उद्या लौकर मरा, आज माझं बघायचं ऱ्हायलं," असं म्हणायचा. मालकसुद्धा एकदा बघत उभे राहिले होते. मला पाहिल्यावर निघून गेले.

ती भ्यायची हे मला दिसत होतं. रसाची घागर आणायला टाकीपाशी जाताना ती फडकं डोक्यावरून घेऊन मानेभोवती गुंडाळायची. माश्या असलेल्या बाजूनं वळसा घालायची. आणि मग तीच पोरगी ढिगापाशी जाऊन माशीनं मरायची. पोरं हसली की तिलाही हसू यायचं. मला आता वाटतं, ज्याचं भय वाटतं त्याचं सोंग घेतलं की ते लहान होतं, असं काहीतरी तिचं चाललं असेल. तेव्हा मला एवढंच वाटलं, हिला काम नको आहे.

आठ-दहा दिवस हा खेळ चालला.

त्या दिवशी दुपार कलली होती. दुसरं आधण उतरायला आलं होतं. ज्यानं गुऱ्हाळ पाहिलं नाही त्याला सांगते. गूळ होत आला की गुळव्या काहिलीतली थोडीशी काकवी पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करतो, आणि ती गोळी कशी होते त्यावर ठरवतो. मग तो ओरडतो, आणि त्या क्षणाला चार गड्यांनी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या हौदात, ओतायची. क्षण चुकला तर गूळ काळा पडतो, नाहीतर बसतच नाही. त्या वेळी गुऱ्हाळातलं कुणी आपली जागा सोडत नाही. माझं काम बादल्यांत ओलं फडकं अंथरायचं, त्यात गूळ भरून त्याचे रवे, म्हणजे ढेपा, करायचे.

मी फडकी पिळत होते. सुमन आली. म्हणाली, "वहिनी, चावली." मानेला हात होता.

मी वर पाहिलं नाही. "कोयता हाय तिथं, घास."

तिनं घासला असावा. कोयत्याचा आवाज मी ऐकला. मग ती म्हणाली, "वहिनी, घशात कसंतरी हुतंय." मी म्हणाले, "पाणी पी." तेवढ्यात राऊ ओरडला, "चला!" आणि गडी काहिलीला लागले.

तिकडं पोरांचा गलका झाला. मी मान वळवून पाहिलं. सुमन चिपाडाच्या ढिगाकडं दोन पावलं भेलकांडली आणि पडली. हात मानेला. डोळे मोठे. पोरं टाळ्या पिटायला लागली. "सुमनआक्का मेली! सुमनआक्का मेली!" एक गडी काहील धरून हसला. मी ओरडले. माझा आवाज काहिलीच्या वाफेतून तिच्यापर्यंत गेला, कारण तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ओरडले, "ऊठ गं! आधण उतरायलंय आन सोंगं कसली करतीयास? ऊठ, बादल्या धर!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला बोलता येत नव्हतं, पण ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचा हात मानेवरून सुटून माझ्या दिशेला आला. खेळात ती असं कधी करत नसे. ते मला दिसलं. मी मान फिरवून बादलीत फडकं अंथरलं.

वाफ्यात गूळ हलवून घट्ट होईपर्यंत आणि बादल्या भरून होईपर्यंत किती वेळ जातो? मी नंतर कितीतरी वेळा मोजला आहे. भाकरीचं पीठ मळून चार भाकऱ्या होतात तेवढा. पोरं कंटाळून दुसरीकडं गेली होती. शालन एकटी तिथं बसून होती. तीच आली आणि माझं लुगडं ओढून म्हणाली, "काकू, आक्का उठंना. आक्काचं ओठ जांभळं झाल्यात."

मालकांनी तिला उचललं. उसाची वाहतूक करणारा टेम्पो होता, त्यात घातली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोंड ओळखू येत नव्हतं. वाटेत मी तिला हाका मारत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी तिला रागावूनच हाका मारतेय, शाळेला उशीर झाल्यासारख्या.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं तपासलं, नळी घातली, इंजेक्शन दिलं, छाती दाबली. मग थांबला. बाहेर येऊन त्यानं विचारलं, "चावल्याला किती वेळ झाला होता?"

मालक माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "आत्ताच. चावली आणि लगेच आणली."

डॉक्टर म्हणाला, लाखात एखाद्याच्या अंगाला माशीचं विष सोसत नाही. त्याला एका माशीनं होतं. इंजेक्शन आहे त्यावर, पण ते पहिल्या काही मिनिटांत द्यावं लागतं. तुम्ही लगेच आणूनही वेळ मिळाला नाही, म्हणजे जोरातच आलं असणार. तुमची काही चूक नाही.

मालक भिंतीला टेकून खाली बसले. नंतर वीस वर्षं जगले. कधीकधी जेवताना मधेच म्हणायचे, "आपुन लगीच नेलती. आपल्याकडनं काय ऱ्हायलं न्हाय." मी वाढत असायचे. मी म्हणायचे, "व्हय." त्यांना तेवढंच धरायला होतं, ते मी काढून घेतलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ते गेले, त्या दिवशीही मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मालक पेटता टेंभा घेऊन निघाले. शेताच्या बांधावर मोठं झाड होतं, त्यावर मोहोळ होतं. राऊनं त्यांचा हात धरला. म्हणाला, "मालक, जी चावली ती तवाच मेली. डंख मारला की माशी जगत न्हाय. आता कुणाला जाळताय?" मालकांनी टेंभा पाण्यात बुडवला. मग दोघं बांधावर बसून रडले. मी लांबून पाहिलं.

पेठेतल्या बायका भेटायला आल्या. ज्या माडीवर हसल्या होत्या त्याच. कोपऱ्यात बसून कुजबुजायच्या, "पिक्चरसारखंच झालं की." हौसाबाई मोठ्यानं बोलली. "त्यो व्हिडिओच अपशकुनी. मरायची सोंगं केली पोरीनं रोज, शेवटी यमानं ऐकलं." सगळ्यांना ते पटलं. तालमीच्या पोरांनी व्हिडिओ परत पाठवला, पुढं दोन-तीन वर्षं पेठेत कुणी आणला नाही. माझ्या चुलत जावा म्हणाल्या, बघ, तू आधीपासून त्या पिक्चरच्या विरोधात होतीस, तुला कळलं होतं. आळ व्हिडिओवर गेला, तो मी जाऊ दिला.

त्या आधणाचा गूळ चांगला आला होता. पिवळाधमक, कणीदार. रवे इतर रव्यांबरोबर बाजारात गेले. वेगळे काढायचं कुणाला सुचलं नाही. कुणाच्या तरी घरी संक्रांतीला त्याच्या पोळ्या झाल्या असतील.

आता ते पिक्चर दुपारच्या वेळेला टीव्हीवर लागतात, हिंदीत बोलणारे. तेच असतील असं नाही. पण जात तीच. सुना-नाती हसतात, चॅनल बदलतात. मी एकटी असले की बघते. शेवटपर्यंत बघते. आता मला बोलणं कळतं, आणि सुमन सांगायची तेच जास्त बरं होतं असं वाटतं. माश्या आता जरा बऱ्या काढतात, चहाच्या पुडीसारख्या दिसत नाहीत. गोष्ट मात्र बदललेली नाही. प्रत्येकात तो एक माणूस असतोच, ज्याला आधी येऊन सांगितलेलं असतं आणि जो ऐकत नाही. जत्रा बंद करणार नाही म्हणतो, लग्न थांबवणार नाही म्हणतो, काम अडेल म्हणतो. तो लोकांना आवडू नये म्हणून त्याला जाड आणि उर्मट दाखवतात. शेवटी माश्या त्याला मोटारीत गाठतात, आणि बघणाऱ्याला बरं वाटतं.

मला त्या साली शंभरावर माश्या चावल्या असतील. पुढच्या साली तेवढ्याच. मला काही झालं नाही. सूजसुद्धा येत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, ते पिक्चर खोटे आहेत. सगळं खोटं होतं. आभाळ खोटं, रक्त खोटं, माश्या चिकटवलेल्या. एक गोष्ट खरी होती, ती एका सतरा वर्षांच्या पोरीला कळली, कारण ती तिच्या स्वतःच्या छातीत आधी होऊन गेली होती. ती मला सांगायला आली. तिला माझ्याशिवाय सांगायला दुसरं कोण होतं?

नातवाच्या गुऱ्हाळात माझा एक नेम आहे. त्यानं बाकी सगळं बदललं, चरक बदलला, काहील बदलली, माझ्या या नेमाला हात लावलेला नाही. का, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माशी चावली की कामकऱ्यानं असेल तिथून यायचं आणि माझ्या खुर्चीसमोर खाली बसायचं. घड्याळ लावून एक तास. आधण उतरत असलं तरी यायचं. गूळ बिघडला तर बिघडू दे. नातवाची मोटार दाराशी उभी असते आणि तिची किल्ली मी माझ्या कनवटीला ठेवते. नवीन माणसं हसतात, म्हातारीला बोलायला माणूस लागतं म्हणतात. हसू देत.

काल चंदगडकडची एक नवी बाई आली होती, कोवळीच, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. मनगटावर चावली. तिला आणून बसवली. ती चुळबुळ करत होती, नवरा काहिलीपाशी एकटा पडला होता.

"आज्जी, मला काय झालं न्हाय. जाऊ?"

"बस. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"कायबी बोल. माहेर कुठलं, भावंडं किती, आई काय करती. थांबायचं न्हाय."

ती सांगत राहिली. मी तिच्या ओठांकडं बघत होते, गळ्याकडं बघत होते. पलीकडं गुळव्या ओरडला, गडी धावले, काहील उचलली गेली. तिच्या नवऱ्यानं इकडं रागानं पाहिलं. ती अर्धी उठली. मी तिचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"आज्जी, अवं नुसतं बसून काय हुतंय?"

"काय हुत न्हाय," मी म्हणाले. "त्येच बघायचं असतंय. बोल तू. धाकट्या भणीचं काय सांगत होतीस?"